पाच खेळाडू, पाच अपेक्षा आणि एक कॅम्पेन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही मुलुंडला स्वतःच्या घरी दर दुसऱ्या रविवारी पाच मित्रमैत्रिणींसाठी डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेत खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांतून पुढे जाणारी एक सलग गोष्ट, चालवता. एकाला लढाई सुरू झाल्याशिवाय चैन पडत नाही. एक जण वाटेत भेटेल त्या दुकानदाराशी आणि पहारेकऱ्याशी अर्धा अर्धा तास बोलत राहते. तिसऱ्याने नियमांची पुस्तके पालथी घालून आपले कॅरेक्टर, म्हणजे खेळातले पात्र, असे बांधले आहे की त्याच्या शेजारी बाकीच्यांना काही कामच उरत नाही. चौथी जवळजवळ बोलतच नाही, पण एकही सेशन (खेळाची बैठक) चुकवत नाही. पाचवा बदलापूरहून येतो आणि मेगाब्लॉक असला की उशिरा पोहोचतो किंवा येतच नाही. अशा वेळी गोष्ट बदलावी, खेळ बदलावा की ग्रुपचे दोन भाग करावेत, असे तुम्ही विचारले आहे.

यांपैकी काहीही करण्याआधी तुमची तयारीची पद्धत बदलून पाहा, असे माझे उत्तर आहे. अशा ग्रुपला सामोरे जाताना बहुतेक जीएम (गेम मास्टर, म्हणजे तुमच्यासारखे गोष्ट सांगून खेळ चालवणारे) वेळेची वाटणी करतात: तासभर लढाई, मग अर्धा तास संवाद, मग एखादे कोडे. ही वाटणी न्याय्य दिसते, पण तिच्यामुळे कोणत्याही क्षणी एकच जण मनापासून खेळतो आणि चौघे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसतात. त्यापेक्षा प्रसंगच असा बांधावा की पाचही जणांना त्यात आपापल्या पद्धतीने हात घालता येईल. माझ्या मते जीएमच्या कामाचा गाभा हाच आहे, आणि तो शिकता येतो.

खेळाडूंचे वर्गीकरण करण्याची हौस या खेळाइतकीच जुनी आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा मूळ खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला, आणि १९८० मध्येच ग्लेन ब्लॅको यांनी ‘डिफरंट वर्ल्ड्स’ या नियतकालिकात खेळण्याच्या चार तऱ्हा मांडल्या: ताकद कमावणे, भूमिका जगणे, डावपेचांची लढत करणे आणि गोष्ट रचणे. रॉबिन लॉज यांनी २००२ साली जीएमसाठी लिहिलेल्या पुस्तकात ही संख्या सातवर नेली आणि केवळ मित्रांच्या सोबतीसाठी येऊन बसणाऱ्या खेळाडूलाही त्यात मानाची जागा दिली. तुम्ही जो खेळ चालवता, त्याच्या २०१४ सालच्या मार्गदर्शक पुस्तकातही अभिनय, शोध, चिथावणी, लढाई, कॅरेक्टरची बांधणी, कोडी सोडवणे आणि गोष्ट अशा सात आवडींची यादी आहे. या याद्या वाचाव्यात, कारण आपल्या स्वतःच्या आवडीपलीकडे काय काय असू शकते, हे त्यांतून कळते. मात्र त्या हातात घेऊन टेबलाभोवतीच्या माणसांवर शिक्के मारू नयेत. जो शुक्रवारी ऑफिसातून दमून आलेला असताना फक्त फासे टाकायला उत्सुक असतो, तोच सुट्टीच्या दिवशी एखाद्या राजदूताची भूमिका तासभर रंगवतो.

रिचर्ड बार्टल यांनी १९९६ साली मांडलेले चार प्रकारही अनेक जण टेबलावरच्या खेळाला लावतात. ते वर्गीकरण संगणकावर अनेकांनी एकत्र खेळायच्या मजकुरी खेळांसाठी केलेले होते, आणि तिथली परिस्थिती मुळातच निराळी असते. तिथे एक खेळाडू जंगल धुंडाळत असताना दुसरा त्याच वेळी बाजारात गप्पा मारू शकतो, आणि कोणाचाही वेळ वाया जात नाही. टेबलावर एका वेळी एकच जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात. म्हणून आपल्याकडे सगळ्यांत दुर्मिळ गोष्ट आहे ती सर्वांचे लक्ष. तुमच्या पाच जणांचे खरे भांडण या लक्षावरून आहे. लढाई चांगली की संवाद चांगला, हा वाद त्यांच्यात नाहीच.

आता निरीक्षणाविषयी. पुढच्या एक-दोन सेशनमध्ये कोण काय करतो यापेक्षा कोण कोणत्या क्षणी पुढे सरकून बसतो आणि कोण कोणत्या क्षणी मोबाइल हातात घेतो, याची नोंद ठेवा. सेशन संपल्यावर “मजा आली का?” असे विचारू नका, कारण त्याला सगळेच हो म्हणतात. “घरी गेल्यावर आजच्यातले काय सांगशील?” असे विचारा. एक जण सांगेल, दरवाजा कसा तोडला. दुसरी सांगेल, म्हाताऱ्या पहारेकऱ्याला मुलगी होती हे तिने कसे काढून घेतले. तिसरा सांगेल, एका फेरीत किती इजा केली. या उत्तरांतून मिळणारी माहिती कोणत्याही छापील प्रश्नावलीपेक्षा भरवशाची असते.

एकाच वागण्यामागे वेगवेगळी कारणे असू शकतात, आणि इलाज कारणानुसार बदलतो. तुमच्या तिसऱ्या खेळाडूचेच पाहा. काहींना आकडेमोडीचाच आनंद असतो. त्यांच्यासाठी सेशनइतकाच आठवडाभर कॅरेक्टर शीटशी, म्हणजे पात्राचे आकडे लिहिलेल्या कागदाशी, केलेला खेळ महत्त्वाचा असतो. काहींनी पूर्वी एखाद्या कठोर जीएमच्या हाताखाली कॅरेक्टर गमावलेले असते आणि ताकद हा त्यांचा बचाव असतो. काहींना निदान एका बाबतीत तरी सगळ्यांनी आपल्याकडे वळावे असे वाटते. पहिल्याला नव्या अडचणी द्याव्यात, दुसऱ्याला हरण्याचा अर्थ मरणे असा होत नाही हे खेळातून दाखवावे, आणि तिसऱ्याला ती एक बाब खुशाल त्याची राहू द्यावी. कारण न विचारता तिघांचेही पंख छाटणारा जीएम तिघांनाही गमावतो.

ताकदवान कॅरेक्टरवरचा सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे सगळ्या अडचणी कठीण करणे. तो का फसतो, हे साध्या हिशेबाने दाखवता येते. समजा, त्याच्या कॅरेक्टरला एखाद्या कौशल्यात ११ ची भर मिळते आणि बाकीच्यांना ५ ची. वीस बाजूंच्या फाशावरचा आकडा आणि ही भर मिळून निदान १५ चे लक्ष्य गाठायचे असेल, तर त्याची यशाची शक्यता ८५ टक्के आणि इतरांची ५५ टक्के होते. त्याला आवर घालायचा म्हणून तुम्ही लक्ष्य २० केले, की त्याची शक्यता ६० टक्क्यांवर येते आणि इतरांची ३० टक्क्यांवर. शिक्षा ज्याच्यासाठी होती त्याला कमी बसली. बाकीच्यांना मात्र प्रयत्नच करू नये असे वाटू लागले. आता दुसरा मार्ग पाहा. खेळाच्या नियमांत दुसऱ्याला मदत करण्याची सोय आहे; मदत मिळालेला खेळाडू दोन फासे टाकून मोठा आकडा घेतो. लक्ष्य १५ च असताना ५ ची भर असलेल्या खेळाडूला अशी मदत मिळाली, तर त्याची शक्यता ५५ वरून जवळजवळ ८० टक्क्यांवर जाते. म्हणजे नियम जाणणाऱ्याने आपली बुद्धी दुसऱ्याच्या यशासाठी वापरावी, याला खेळातच मोठे बक्षीस आहे. असे प्रसंग योजा की जिथे त्याच्या कॅरेक्टरला एकाच वेळी दोन ठिकाणी असता येणार नाही, आणि कोणाला कुठे उभे करायचे याची आखणी त्याच्याकडे आपोआप येईल. आकडेमोड आवडणाऱ्या बहुतेकांना हे काम मनापासून आवडते. गोडीने विनंती केली तर ते इतरांची कॅरेक्टरही नीट बांधून देतात, आणि टेबलावरची दरी तिथेच निम्मी होते.

खेळाच्या नियमांना स्वतःचा कल असतो, याचेही भान ठेवायला हवे. हा खेळ लघुसैनिक मांडून खेळायच्या युद्धखेळांतून जन्मला आहे आणि त्याच्या नियमांचा मोठा भाग आजही लढाईवर खर्च झालेला आहे. त्यामुळे लढाई आवडणाऱ्याला पुस्तकच साथ देते. संवाद आवडणारीला मात्र जीएमने साथ द्यावी लागते. कॅरेक्टरची पातळी वाढवणारे अनुभवाचे गुण कशासाठी मिळतात, हा त्यातला सर्वांत प्रभावी खटका आहे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत हे गुण मुख्यतः अंधाऱ्या तळघरांतून बाहेर आणलेल्या संपत्तीसाठी मिळत, सोन्याच्या एका नाण्याला एक गुण या हिशेबाने, आणि राक्षस मारण्याचे गुण त्या मानाने थोडे होते. परिणामी शहाणे खेळाडू लढाई टाळून चोरवाटा शोधत. पुढच्या काळात मारण्याला जास्त गुण मिळू लागले आणि खेळाडू मारू लागले. यात खेळाडूंचा स्वभाव बदलला नव्हता. तुम्ही जर शत्रू मारण्याचे गुण देत असाल, तर ते बंद करून गोष्टीतला एखादा टप्पा गाठल्यावर सर्वांना एकाच वेळी पातळी वाढवून द्या, किंवा सेशनच्या आरंभी सर्वांच्या संमतीने तीन उद्दिष्टे लिहून त्यांवर गुण ठेवा. दोन-तीन सेशनमध्ये फरक दिसू लागतो.

जुन्या नियमांतला आणखी एक नियम मी प्रत्येक नव्या जीएमला आवर्जून सांगतो. १९८१ सालच्या बेसिक संचात प्रत्येक शत्रूला मनोधैर्याचा आकडा होता. त्यांच्यातला पहिला पडला किंवा निम्मे पडले, की जीएम सहा बाजूंचे दोन फासे टाकी, आणि बेरीज त्या आकड्याहून जास्त आली की उरलेले पळत किंवा शरण येत. हा नियम तुमच्या टेबलावर आणा. लढाई लांबण्याचे थांबते, आणि जिवंत सापडलेला शत्रू बोलू शकतो. लढणाऱ्याला विजय मिळतो, बोलणारीला कैदी मिळतो, आणि दोघांचा आनंद एकाच प्रसंगातून येतो.

अनेक हातांना पुरेल असा प्रसंग म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणाने दाखवतो. नव्या ग्रुपची ओळख करून घ्यायची असेल, तेव्हा मी मुंबईतच घडणारा एक प्रसंग चालवतो. त्यासाठी नियम सोपे ठेवतो, कौशल्ये टक्क्यांत, ‘कॉल ऑफ क्थुलू’ या भयकथांच्या खेळाच्या धर्तीवर. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या, दारूगोळा होता आणि सोन्याच्या विटाही होत्या. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, अधिक मोठा स्फोट झाला. जळता कापूस आसपासच्या वस्त्यांवर पडला, शेकडो माणसे गेली, आग विझवायला गेलेले कितीतरी जवान परतले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या स्फोटाने सोन्याच्या विटाही दूरवर उडाल्या. त्यातली एक, सुमारे साडेबारा किलोची, गोदीपासून बऱ्याच अंतरावरच्या एका घराच्या छपरातून आत पडली, आणि काही पुढे अनेक वर्षांनी गोदीतला गाळ उपसताना सापडल्या. खऱ्या दुर्घटनेवर खेळ बेतताना टेबलावर कोणाच्या घरात तिची आठवण आहे का, हे मी आधी विचारतो. या शहरात ते असू शकते, आणि कोणी नको म्हटले तर दुसरा प्रसंग घेतो.

माझ्या प्रसंगात ती वीट डोंगरीच्या एका चाळीत, वरच्या मजल्यावर, कौले फोडून पडते. सगळे खेळाडू त्या चाळीचे रहिवासी असतात. जिना धुमसू लागला आहे, कोपऱ्यावरच्या दोघांनी कौले फुटताना पाहिली आहेत, आणि ज्या खोलीत वीट पडली तिथली मावशी दार लावून आत बसली आहे. एवढेच मी सांगतो आणि थांबतो. कोणाला लढायचे असेल तर ते दोघे जिन्याशी आलेच आहेत. कोणाला बोलायचे असेल तर मावशी दाराआडून विचारते, “कोण आहे? पोलिसांत देणार नाही ना मला?” कोणाला हिशेब करायचा असेल तर आग जिना चढायला किती वेळ घेईल, बादल्या किती, माणसे किती, हे सगळे कागदावर आहे. कोणाला गूढ उकलायचे असेल तर विटेवरचा क्रमांक आहे. आणि काहीही न करता नुसते पाहायचे असेल, तरी पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

अशाच एका टेबलावर घडलेला तुकडा सांगतो. बोलणाऱ्या खेळाडूने मावशीला दार उघडायला लावले होते. लढणारा जिन्यावर दोघांना अडवून उभा होता आणि त्याचा फासा दोनदा वाईट पडला होता. तोपर्यंत एक शब्दही न बोललेल्या खेळाडूकडे मी वळलो आणि एवढेच म्हटले, “तू खोलीत आहेस. वीट जमिनीवर आहे. पावले वर येत आहेत.” ती क्षणभर थांबून म्हणाली, “मी वीट बाळाच्या पाळण्यात ठेवते आणि वर दुपटे घालते.” त्यावर नियमांचा अभ्यास असलेला खेळाडू ताबडतोब म्हणाला, “साडेबारा किलो. पाळण्याची दोरी पेलेल का?” मी फासा त्याच्याच हातात दिला. दोरी टिकते की नाही, हे ठरेपर्यंत टेबलावर कोणी हलले नाही. एकाच वस्तूभोवती चार जणांच्या चार आवडी अशा गोळा होतात, तेव्हा वाटणीची गरजच पडत नाही.

यामागची तयारी फार मोठी नसते. मी प्रत्येक प्रसंगासाठी चार ओळी लिहितो: इथे कोणाला काय हवे आहे, उशीर केला तर काय बिघडते, हाताळता येईल अशी वस्तू कोणती, आणि न बोलता कळेल अशी खूण कोणती. उत्तर काय असावे, हे मी लिहीत नाही. खेळाडूंनी कोणत्या मार्गाने जावे हे ठरवून ठेवले, की त्या मार्गाची आवड नसलेले दोघे-तिघे प्रवासी होऊन बसतात. गोष्ट पुढे जाण्यासाठी जी माहिती आवश्यकच आहे, ती फाशाच्या यशावर कधीही अवलंबून ठेवू नये, हेही यातच आले. शोधाच्या खेळांत कळीचा धागा फासा चुकल्यामुळे हातून निसटला, तर पुढचा सगळा वेळ चाचपडण्यात जातो. ‘गमशू’ या खेळपद्धतीने म्हणूनच असे धागे योग्य जागी शोधणाऱ्याला फाशाविना देऊन टाकले. फासा त्याहून अधिक काही मिळवण्यासाठी ठेवावा.

तुमच्या गप्प खेळाडूविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण या बाबतीत मुंबईतल्या टेबलांवर एक गोष्ट फार वेळा नजरेआड होते. नियमांची पुस्तके इंग्रजीत, जीएमचे वर्णन इंग्रजीत, सगळ्यांचे संवाद हिंदी-इंग्रजीच्या मिश्रणात. अशा टेबलावर जी व्यक्ती घरी, बाजारात आणि मनात मराठी बोलते, तिला पात्राच्या तोंडी वाक्य घालायला अर्धा क्षण जास्त लागतो, आणि तेवढ्यात दुसरा कोणी बोलून मोकळा होतो. तिला अभिनयाची आवड नाही, असा निष्कर्ष त्यातून काढणे चुकीचे ठरू शकते. नियमांचे शब्द हवे तर इंग्रजीतच राहू द्यात, पण पात्रांना मराठीत बोलू द्या. तुमच्या कल्पित राज्यातल्या मुकादमाने “काय रे, कुणीकडं निघालास एवढ्या रात्रीचा?” असे विचारले, तर त्याला उत्तर मराठीत येते, आणि ते अनेकदा अशा व्यक्तीकडून येते जिचा आवाज टेबलाने क्वचितच ऐकलेला असतो. ज्यांना मराठी येत नाही त्यांच्यासाठी एका वाक्यात आशय सांगता येतो.

भाषा हे कारण नसेल, तर ती मनापासून पाहणारी खेळाडू असू शकते. तिच्यात काही दुरुस्त करायचे आहे असे समजू नका. तिला “आता तू काय करतेस?” असा मोकळा प्रश्न सगळ्यांसमोर टाकणे टाळा, त्यापेक्षा “दोन दरवाजे आहेत, तू कोणत्या दरवाज्याशी उभी आहेस?” असे विचारा, म्हणजे एका शब्दाचे उत्तरही पुरते. नकाशा काढणे, लढाईतल्या पाळ्यांचा क्रम सांभाळणे, मागच्या सेशनचा वृत्तांत ठेवणे, यांतले एखादे काम तिला हवे आहे का, हे एकांतात विचारा. नको म्हणाली तर तो विषय तिथेच सोडा. सेशन न चुकवणारी व्यक्ती तिला हवे ते कुठेतरी मिळवत असतेच.

बोलणाऱ्या मैत्रिणीचा प्रश्न मुख्यतः संवादाला शेवट नसण्याचा आहे. प्रत्येक छोट्या पात्राला एक इच्छा आणि एक घाई द्या: दुकानदाराला दुकान बंद करून जत्रेला जायचे आहे, पहारेकऱ्याला आपली झोप लागली होती हे लपवायचे आहे. मग संवादाला दिशा येते, आणि इच्छा पुरी झाली किंवा घाई संपली की तुम्ही तो नैसर्गिकपणे आटोपू शकता. मोठ्या संवादात मी लढाईसारख्याच पाळ्या लावतो. प्रत्येकाला एकदा काहीतरी करावेच लागते, मग ते बोलणे असो, खिडकीतून बाहेर पाहणे असो किंवा तलवारीच्या मुठीवर हात ठेवणे असो. तो मुठीवरचा हात पाहून समोरचे पात्र चाचरले, तर लढणाऱ्या मित्रालाही संवादात आपले वजन कळते. उलट बाजूने लढाईत मारण्याखेरीज दुसरे उद्दिष्ट ठेवा, जसे की ओलीस सोडवणे, पूल पडण्याआधी पलीकडे पोहोचणे किंवा एखादे पत्र जळण्यापासून वाचवणे, म्हणजे लढाईत रस नसलेल्यांनाही करण्यासारखे काही राहते.

बदलापूरच्या मित्रासाठी कॅम्पेनचा सांगाडाच बदलावा लागेल, आणि हा बदल तुलनेने सोपा आहे. प्रत्येक सेशन एखाद्या गावातून किंवा तळावरून सुरू करून तिथेच संपवा. मग जो आला नाही त्याचे कॅरेक्टर तळावर थांबले, एवढे म्हणणे पुरते. तो उशिरा आला तर पुढच्या प्रसंगात सामील होतो. अनुपस्थितीमुळे पातळी मागे पडू देऊ नका. लोकल रखडल्याची शिक्षा त्याच्या कॅरेक्टरला देण्यात काहीच अर्थ नाही. शेवटच्या गाड्यांचा विचार करून सेशन संपण्याची वेळही आधीच ठरवा, कारण गाडीची चिंता लागलेला खेळाडू कोणत्याही शैलीचा असला तरी त्याचे लक्ष घड्याळाकडे असते.

काही गोष्टी मात्र शैलीत मोडत नाहीत आणि त्यांच्याशी जुळवून घेऊ नये. एखादा खेळाडू सोबत्यांच्या वस्तू चोरतो, त्यांच्या योजना मुद्दाम उधळतो आणि “माझे कॅरेक्टर असेच वागेल” असे म्हणतो, तेव्हा तो प्रश्न माणसाच्या वागण्याचा आहे. त्याच्याशी टेबलाबाहेर, स्वच्छ शब्दांत बोलावे. गोष्टीत कोणते विषय नकोत, कोणते आडून सुचवले तर चालतील, हे पहिल्या सेशनआधीच सर्वांनी मिळून ठरवावे. टेबलाच्या मध्यभागी ‘एक्स’ लिहिलेले कार्ड ठेवण्याची पद्धत २०१३ च्या सुमारास रूढ झाली. कोणीही कारण न सांगता त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचे. मला ही पद्धत अतिशय मोलाची वाटते, विशेषतः मित्रांच्या ग्रुपमध्ये, कारण मैत्रीच्या भिडेपोटीच माणसे सर्वांत जास्त सहन करतात.

या सगळ्यात तुमची स्वतःची आवड मोजायला विसरू नका. टेबलावर सर्वांत जास्त वेळ आणि तयारी जीएमची असते. ज्याला लढाई चालवणे कंटाळवाणे वाटते, त्याने केवळ मित्राच्या हट्टापायी महिनोन्‌महिने लढाया आखल्या, तर कॅम्पेन अर्ध्यावर थांबते.

ग्रुपचे दोन भाग करण्याची वेळ केव्हा येते, हे तुम्ही विशेष करून विचारले आहे. आवडी भिन्न असल्या तरी ती वेळ येत नाही. एकाला जो सूर हवा तोच दुसऱ्याचा आनंद मारत असेल, उदाहरणार्थ एकाला अंगावर काटा आणणारी शोकांतिका हवी आहे आणि दुसऱ्याला मित्रांबरोबर मोकळेपणाने हसायचे आहे, तेव्हा ती येते. असे दोन सूर एका प्रसंगात बसत नाहीत. वर सांगितलेले बदल चार-पाच सेशन करून पाहा. त्यानंतरही लढणारा मित्र आणि बोलणारी मैत्रीण एकमेकांच्या पाळीत मोबाइल पाहत असतील, तर दोन कॅम्पेन सुरू करा आणि तुमचे रविवार आलटून पालटून त्यांना द्या. त्यातले एक तुमच्याऐवजी नियम जाणणाऱ्या मित्राने चालवले तर अधिकच चांगले. अशा खेळाडूंपैकी पुष्कळ जण उत्तम जीएम होतात. दोन्ही टेबलांवर यायचे की एकाच, हे बाकीच्यांनी ज्याचे त्याने ठरवावे.